मसाल्यातलं दगडफूल कुठल्या कुळातलं? घरच्या घरी ओळखायची सगळी पद्धत

उन्हाळा लागला की आमच्याकडे काळ्या मसाल्याची गडबड सुरू होते आणि दगडफूल निवडायचं काम माझ्याकडे असतं. परातीत पसरायचं, सालीचे तुकडे, काड्या, माती बाजूला काढायची आणि मग तेलावर परतायला सासूबाईंकडे द्यायचं. काही वर्षांपूर्वी नाशिकच्या भद्रकाली बाजारातून आणलेल्या शंभर ग्रॅमच्या पुडीत निवडता निवडता माझ्या लक्षात आलं की यात तीन वेगवेगळ्या वस्तू आहेत. एक रुंद पानासारखी, वरून राखाडी आणि खालून कुळकुळीत काळी, दुसरी फितीसारखी अरुंद आणि कडेला काळे केस असलेली, आणि तिसरी म्हणजे नुसते पिवळट पोपटी दोरे. सासूबाईंना दाखवलं तर म्हणाल्या, "अगं सगळं दगडफूलच ते, वास घेऊन बघ की." वास घेतला तर खरंच तोच.

मग शोधत गेले आणि कळलं की त्या तिन्ही वस्तू वेगळ्या आहेत हे खरं आणि त्या एकाच घरातल्या आहेत हेही खरं. त्या घराचं नाव पार्मेलिएसी, लायकेन बनवणाऱ्या फंगसचं जगातलं सगळ्यात मोठं कुळ, साधारण 80 जीनस आणि 2700 च्या वर स्पिसीज. इतकं मोठं कुळ रोज आपल्या आमटीत पडतं आणि आपल्याला त्याचं नाव माहीत नसतं याची मला फार चुटपुट लागली, म्हणून हे सविस्तर लिहितेय. पुडी, भिंग आणि थोडं ब्लीच एवढ्यावर तुम्ही कुळापर्यंत नक्की, बऱ्याचदा जीनसपर्यंत आणि दोन-चार बाबतीत स्पिसीजपर्यंत पोचता.

आधी नावांचं थोडं सांगते, नाहीतर पुढे गोंधळ होईल. लायकेनला मराठी पुस्तकांत शैवाक म्हणतात. एक फंगस म्हणजे बुरशी आणि एक शेवाळ, कधीकधी निळं-हिरवं शेवाळ म्हणजे सायनोबॅक्टेरिया, यांचा तो एकत्र संसार. फंगस घर बांधते, पाणी धरून ठेवते आणि शेवाळ उन्हात अन्न तयार करतं. पण नाव कुणाचं लावायचं? वनस्पती-फंगसच्या नावांचे जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत त्यात स्पष्ट आहे की लायकेनला दिलेलं नाव हे फंगसचं नाव. आतल्या शेवाळाला त्याचं स्वतःचं वेगळं नाव असतं, पार्मेलिएसीत ते बहुतेक वेळा ट्रेबॉक्सिया. म्हणजे आपण दगडफुलाचं वर्गीकरण करतो तेव्हा फंगसचंच वर्गीकरण करत असतो.

पत्ता कसा लिहितो, राज्य, जिल्हा, तालुका, गाव, तसंच हे. अ‍ॅस्कोमायकोटा हा संघ, त्यात लेकॅनोरोमायसेटीस हा वर्ग, त्यात लेकॅनोरेलीस हा गण, त्यात पार्मेलिएसी हे कुळ, मग पार्मोट्रेमा हा जीनस आणि शेवटी परलेटम ही स्पिसीज. मी मुद्दाम जीनस आणि स्पिसीज हेच शब्द वापरतेय कारण पुस्तकात प्रजाती म्हणजे जीनस आणि जाती म्हणजे स्पिसीज असं असतं, पण बोलताना आपण प्रजाती हा शब्द दोन्हीला लावतो आणि मग कुणाला काहीच कळत नाही.

सामान जमवा

भिंग दहा पटीचं हवं. सराफ बाजारात हिरे-खडे बघायला वापरतात तसलं घडीचं भिंग मिळतं तेच घ्या, शाळेतलं मोठं गोल भिंग याला पुरत नाही. एक चिमटा, नवीन ब्लेड, टूथपिक, दोन-तीन पांढऱ्या बश्या ज्या परत जेवणात वापरायच्या नाहीत, रबरी हातमोजे, आणि नोटा तपासायला दुकानदार वापरतात तो यूव्ही टॉर्च मिळाला तर सोन्याहून पिवळं.

केमिकल दोनच. एक कॉस्टिक पोटॅशचं दहा टक्क्यांचं द्रावण, म्हणजे दहा मिली पाण्यात एक ग्रॅम. आधी पाणी घ्यायचं आणि त्यात पोटॅशचे खडे टाकायचे, उलटं कधीच करायचं नाही कारण ते तापतं आणि अंगावर उडतं. दुसरं साधं कपड्यांचं ब्लीच, सुगंध वगैरे न घातलेलं. ब्लीच नसेल तर ग्रामपंचायतीत पाण्यात टाकतात ती टीसीएल पावडर थोड्या पाण्यात कालवून वरचं निवळ पाणी घेतलं तरी चालतं, पूर्वीच्या लोकांनी ब्लीचिंग पावडरवरच ही टेस्ट केलीय. ब्लीचच्या जवळपास अ‍ॅसिड किंवा टॉयलेट क्लीनर आणू नका, विषारी वायू निघतो. लहान मुलं घरात असतील तर ती झोपल्यावर करा. आणि टेस्ट केलेला तुकडा सरळ कचऱ्यात, मसाल्यात परत टाकायचा नाही.

नमुना कुठून घ्यायचा

सगळ्यात सोपं म्हणजे किराणा दुकानातलं पाकीट. बाजारातला बराचसा माल हिमालयातून, उत्तराखंड-हिमाचलच्या जंगलांतून येतो आणि त्यात मुळातच मिसळ असते, त्यामुळे शिकायला ते उत्तम. इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. आपण दगडफूल म्हणतो, हिंदीत पत्थर फूल, कानडीत कल्लू हूवू म्हणजे तेच, संस्कृतात शैलेय, सगळीकडे दगड आहेच, पण बाजारातलं दगडफूल बहुतेक करून झाडाच्या सालीवर वाढलेलं असतं. पाकिटातला एखादा तुकडा उलटा करून बघा, खाली चिकटलेली साल दिसेल. मी आमच्या निवडताना निघालेल्या कचऱ्याकडे पूर्वी घाण म्हणून बघायचे, आता तोच आधी बघते, कारण हे कशावर वाढलं होतं ते तो सांगतो.

दुसरं ठिकाण म्हणजे बाहेर. नाशिक शहरात जुन्या आंब्याच्या, चिंचेच्या खोडांवर राखाडी-पांढरे चट्टे दिसतात, त्यातले बरेचसे आपल्या कुळातले नसतात, ते कसे वगळायचे पुढे सांगते. रुंद पानासारखं बघायचं तर पश्चिमेकडे, त्र्यंबक-इगतपुरीच्या बाजूला, जिथे पाऊस आणि धुकं जास्त तिकडे जावं लागतं. पावसाळा संपता संपता अंजनेरीला गेलात तर वाटेवर पडलेल्या फांद्या बघत चला. पण अंजनेरी आणि बोरगड ही संवर्धन राखीव क्षेत्रं आहेत, तिथलं काहीही वनविभागाच्या परवानगीशिवाय उचलायचं नाही, फोटो काढा, भिंगातून बघा आणि तिथेच ठेवा. कुठेही खोडावरून किंवा दगडावरून खरवडू नका ही माझी कळकळीची विनंती आहे. हे वर्षाला काही मिलिमीटर वाढतं, तळहाताएवढं व्हायला दहा-पंधरा वर्षं सहज लागतात, आणि आपण नखाने अर्ध्या मिनिटात ते काढून टाकतो.

ओलं करून ढीग लावा

पाकिटातलं दगडफूल कोरडं असताना कुरकुरीत असतं, हात लावला की तुटतं. बशीत पसरून वरून पाण्याचा फवारा मारा आणि दहा मिनिटं थांबा. चामड्यासारखं मऊ होतं आणि राखाडी रंगात हिरवट छटा येते, कारण वरची कातडी ओली झाली की पारदर्शक होते आणि आतलं शेवाळ दिसायला लागतं. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मी सासूबाईंना हाक मारून बोलावलं होतं, त्यांनी पण चष्मा लावून बघितलं आणि म्हणाल्या हे तर जिवंत झालं की.

आता ओल्या तुकड्यांचे आकाराप्रमाणे ढीग लावा. दोऱ्यांचा एक, अरुंद फितींचा एक, रुंद पानांचा एक. पानांमध्ये परत दोन भाग करा, फाट्याची रुंदी तांदळाच्या दाण्याच्या लांबीएवढी किंवा कमी असेल ती अरुंद आणि त्याहून जास्त, बोटाएवढी रुंद असेल ती रुंद. हे ढीग म्हणजे वर्गीकरण नाही हे लक्षात ठेवा, ही फक्त कामाची सोय. आकारावरून कुळं पाडायची चूक शास्त्रज्ञांनी दीड-दोनशे वर्षं केलीय, ते खाली येईलच.

हे पार्मेलिएसीच आहे का, हे आधी ठरवा

माझ्या मते सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. जे जे राखाडी आणि पानासारखं ते पार्मेलिया असं समजून लोक फोटोखाली नाव लिहून मोकळे होतात. म्हणून काय काय नाही ते आधी काढून टाका.

ओलं केल्यावर काळं-हिरवं जेलीसारखं फुगलं तर ते कोलेमा-लेप्टोजियमच्या बाजूचं, त्यात आतला जोडीदार नॉस्टॉक नावाचा सायनोबॅक्टेरिया असतो, बाजूला ठेवा. केशरी-पिवळं असेल आणि कॉस्टिक पोटॅशचा थेंब टाकल्यावर जांभळं झालं तर टेलोस्किस्टेसी हे दुसरं कुळ, तेही बाजूला. झाडाला रंग फासल्यासारखं चिकटलेलं, खालून ब्लेड घालताच येत नाही असं असेल तर तो कवचासारखा लायकेन, ते सगळे अवघड प्रकरण आहे, पार्मेलिएसीत अगदी थोडे तसले आहेत पण आपण त्या वाटेला जायचं नाही.

आता खरे फसवणारे. शहरातल्या आंब्यावर जे पांढरट राखाडी गोल चट्टे दिसतात त्यात डिरिनेरिया आणि पिक्सिनी भरपूर असतात. डिरिनेरिया खोडाला इतका चिकटतो की कडा उचलत नाहीत, आणि सुईने उचकटून उलटा केला तरी खाली मुळांसारखे केस नसतात. पिक्सिनीत केस असतात, पण आपल्याकडे सहज दिसणारी पिक्सिनी कोकोएस अंधारात यूव्ही टॉर्चखाली पिवळी चमकते, तिच्या कातडीत लायकेझँथोन नावाचं द्रव्य असतं. पार्मेलिएसीत असं चमकणं क्वचितच. तिसरा हेटेरोडर्मिया, हा घाटात भरपूर, अरुंद पांढरट फाटे आणि कडेला लांब केस, दिसायला अगदी फितीच्या दगडफुलासारखा, पण त्यातले बरेचसे उलटे केले की खाली कातडीच नसते, कापसासारखं पांढरं भुसभुशीत दिसतं.

इथे एक खड्डा आहे, त्यात मी पडलेय. मला वाटलं होतं की वरच्या कातडीवर कॉस्टिक पोटॅशचा थेंब टाकून पिवळं झालं की झालं पार्मेलिएसी सिद्ध. पण तो पिवळा रंग अ‍ॅट्रॅनोरिनमुळे येतो आणि ते हेटेरोडर्मियातही असतं, त्यामुळे त्या टेस्टने या दोन कुळांत काहीच फरक कळत नाही. माझी वहीतली पहिली आठ-दहा नावं त्यामुळे खोडावी लागली.

पक्का पुरावा बीजाणूंमध्ये असतो. तुकड्यावर छोट्या ताटलीसारख्या, तपकिरी बुडाच्या वाट्या दिसल्या तर त्याला अ‍ॅपोथेसिया म्हणतात, ती फंगसची फळं. ओल्या वाटीचा ब्लेडने शक्य तितका पातळ उभा काप घ्या, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवा, वर कव्हर स्लिप ठेवून पेन्सिलच्या मागच्या रबराने हलकं दाबा आणि शाळेतल्या मायक्रोस्कोपखाली चारशे पटीला बघा. लांबट पिशव्या दिसतील, प्रत्येकीत बहुतेक आठ बीजाणू. ते बिनरंगी, एकाच खणाचे, साबुदाण्यासारखे असतील तर पार्मेलिएसीच्या बाजूने जोरदार मत. तपकिरी आणि दोन खणांचे असतील तर हेटेरोडर्मिया-पिक्सिनीवाल्यांची बाजू. कुळाची अजून एक आतली खूण म्हणजे वाटीच्या आत बीजाणूंच्या थराखाली अजून एक पेल्याच्या आकाराचा थर असतो, पण तो बघायला काप फार चांगला यावा लागतो, मला तो पंधरा-वीस कापांनंतर एकदा नीट दिसला आणि त्या दिवशी मी स्वयंपाक उशिरा केला.

बाजारातल्या मालात वाट्या नेहमी सापडत नाहीत. तेव्हा बाकी खुणांवर जायचं.

भिंगाखाली काय काय बघायचं

रुंद पानाचा एक तुकडा घ्या. आधी कड बघा. कडेला काळे पापण्यांसारखे केस आहेत का, त्यांना सिलिया म्हणतात. असतील तर त्यांचं बूड बघा, बुडाशी कांद्यासारखी गाठ असेल तर बल्बोथ्रिक्स, नावातच बल्ब आहे.

मग वरची बाजू. इथे दोन गोष्टी नीट ओळखायला शिका, त्यावर अर्धी ओळख अवलंबून आहे. पृष्ठभागावर बारीक बारीक खडबडीत कोंब, खसखशीपेक्षा लहान, हात फिरवला तर खरखर लागते, ते इसिडिया. आणि कडेला किंवा वर पिठासारखी भुकटी, बोटाला लागते, ती सोरेडिया. दोन्हीचं काम एकच, फंगस आणि शेवाळ दोघांना मिळून नवीन ठिकाणी पोचवायचं, बीजाणूत फक्त फंगस जाते आणि तिला शेवाळ शोधावं लागतं, इथे दोघं बरोबरच निघतात. कोंबाला कातडी असते, भुकटीला नसते, हा फरक. मसाला निवडताना हाताला जी पांढरट भुकटी लागते त्यात बरीच सोरेडिया असते. वर पांढऱ्या बारीक भेगांचं जाळं दिसतंय का, की सुटे पांढरे ठिपके आहेत, तेही लिहून ठेवा. ठिपके म्हणजे श्वास घ्यायला कातडीत असलेली छिद्रं आणि ती गोल असतील तर पंक्टेलियाचा विचार करायचा.

आता उलटा करा. मधे काळं आणि कडेला रुंद, तपकिरी, चकचकीत, बिनकेसांचा पट्टा असेल तर पार्मोट्रेमा, हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता भिंगाशिवाय कळतं. खालच्या मुळांसारख्या केसांना रायझीन म्हणतात. ते साधे, एकेरी आहेत की टोकाला परत परत दुभंगलेले आहेत, दुभंगलेले असतील तर हायपोट्रॅकायना. केस जवळपास कडेपर्यंत येत असतील आणि फाटे मध्यम रुंदीचे असतील तर पार्मेलिनेला.

दोऱ्यांचं सगळ्यात सोपं. ओला दोरा दोन्ही हातांनी हळू ओढा. बाहेरची साल तुटते आणि आतून पांढरी लवचिक दोरी निघते, वायरच्या आत तार असते तशी. असं झालं की उस्निया, दुसरं कुणी नाही. ही टेस्ट मुलांना फार आवडते. उस्निया हवेतल्या सल्फर डायऑक्साइडला फार नाजूक असते, शहरात मला ती अजून एकदाही दिसलेली नाही, जी बघितली ती पाकिटातलीच.

दगडावरचं, पिवळट हिरवं, अरुंद फाट्यांचं आणि कडेला केस नसलेलं असेल तर झँथोपार्मेलिया. पिवळट रंग अस्निक अ‍ॅसिडचा, तोच उस्नियातही असतो.

आता रंगांच्या टेस्ट

विल्यम नायलँडर नावाच्या फिनिश शास्त्रज्ञाने 1866 मध्ये या टेस्ट मांडल्या आणि आज सगळं डीएनएवर चालत असलं तरी जगभर लोक अजून पहिल्यांदा ह्याच करतात. त्याच वर्षी त्यानेच पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतले लायकेन बघून हवा आणि लायकेन यांचा संबंध मांडला होता. एवढी साधी वस्तू आणि त्यावर एवढं मोठं काम, मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

तुकडा आता कोरडा हवा. ब्लेडच्या टोकाने वरची राखाडी कातडी एका जागी हळूच खरवडा म्हणजे आतला पांढरा कापसासारखा थर दिसेल, त्याला मेड्युला म्हणतात. टेस्ट कातडीवर वेगळी आणि मेड्युलावर वेगळी करायची आणि वहीत पण वेगळी लिहायची. टूथपिकच्या टोकावर जेवढं राहील तेवढंच द्रावण, मोठा थेंब टाकलात तर कातडीचा रंग मेड्युलात वाहून येतो आणि सगळं वाया.

कॉस्टिक पोटॅश लावल्यावर एक मिनिट तरी बघत राहा, कारण काही वेळा आधी पिवळं होतं आणि मग सावकाश रक्तासारखं लाल, तो लाल सॅलॅझिनिक अ‍ॅसिडचा. पिवळं होऊन पिवळं-नारिंगीच राहिलं तर स्टिक्टिक अ‍ॅसिडचा संशय. ब्लीचचं उलट आहे, लाल रंग झटकन येतो आणि काही सेकंदात उडून जातो, भिंग डोळ्याला लावूनच थेंब टाका. ब्लीचने लगेच लाल, तर लेकॅनोरिक अ‍ॅसिड. आणि ब्लीच जुनं झालं की मरतं. म्हणून एक नक्की लाल होणारा तुकडा डबीत कायम ठेवा आणि दरवेळी आधी त्यावर ब्लीच लावून बघा, लाल झाला नाही तर नवी बाटली उघडा. मी सहा महिने मेलेल्या ब्लीचने टेस्ट करून सगळीकडे निगेटिव्ह लिहिलं होतं.

तिसरी एक टेस्ट असते पॅरा-फिनिलिनडायअमीनची. ते केमिकल कातडीला आणि श्वासाला वाईट, घरात आणू नका, ती लॅबवाल्यांवर सोडा.

आता जोडून बघा. रुंद पान, कडेला केस, कडेवर भुकटी, मेड्युला पोटॅशने पिवळी आणि ब्लीचने काहीच नाही, तर पार्मोट्रेमा परलेटम, ज्याला आयुर्वेदाच्या आणि मसाल्याच्या लिखाणात अजून पार्मेलिया परलाटा लिहितात. रुंद पान, कडेला केस नाहीत, वर कोंबच कोंब, मेड्युला पोटॅशने तशीच आणि ब्लीचने लालभडक, तर पार्मोट्रेमा टिंक्टोरम, टिंक्टोरम म्हणजे रंगाऱ्यांचं. कोंबाऐवजी भुकटी आणि बाकी तसंच, केस नाहीत, ब्लीचने लाल, तर पार्मोट्रेमा ऑस्ट्रोसिनेन्स. वर पांढऱ्या भेगांचं जाळं, कडेला भुकटी आणि मेड्युला पोटॅशने पिवळी होऊन लाल, तर पार्मोट्रेमा रेटिक्युलेटम. आणि ती अरुंद फीत, खालून पन्हाळीसारखी वळलेली, काळ्या केसांची, ना कोंब ना भुकटी, पोटॅशने पिवळी होऊन लाल, ती हायपोट्रॅकायना सिऱ्हाटा. आमच्या पुडीत तिचा वाटा सगळ्यात जास्त निघाला.

नावं सारखी का बदलतात

तुम्ही गुगल केलंत की याच फितीला कुणी एव्हर्नियास्ट्रम म्हणेल, जुन्या लेखात पार्मेलिया म्हणेल, आणि तुम्हाला वाटेल आपलंच चुकलं. चुकलेलं नसतं, ती सगळी नावं एकाच वस्तूची आहेत.

लिनियसने 1753 मध्ये सगळे लायकेन, 80 च्या आसपास, एकाच लायकेन नावाच्या जीनसमध्ये टाकले आणि ते शेवाळात ठेवले. स्वीडनच्याच एरिक अकारियसने 1803 मध्ये ते फोडून पार्मेलिया हा जीनस केला. तेव्हा हे दोन जीव आहेत हेच माहीत नव्हतं, ते 1867 मध्ये स्विस सायमन श्वेंडेनरने सांगितलं आणि त्या काळातल्या मोठमोठ्या लायकेनवाल्यांनी ते धुडकावून लावलं, नायलँडरनेसुद्धा. तोपर्यंत आणि नंतरही वर्गीकरण आकारावर. पान तर पार्मेलिया, दोरा तर उस्निया आणि त्याचं कुळही वेगळं, उस्निएसी.

पार्मेलियात भर पडत पडत तो एवढा फुगला की कामाचाच राहिला नाही. मग अमेरिकेच्या मेसन हेलने केसांचा प्रकार, कडा, रसायनं यावरून तो फोडायला घेतला, 1974 मध्ये पार्मोट्रेमा परत वापरात आणला, हायपोट्रॅकायना, बल्बोथ्रिक्स, झँथोपार्मेलिया हे वेगळे केले. तेव्हा बऱ्याच जणांना पटलं नव्हतं. डीएनए आल्यावर दोन्ही बाजू दिसल्या, हेलचे काही तुकडे बरोबर निघाले आणि काही जास्तच बारीक होते ते परत जोडले गेले. 2010 मध्ये आना क्रेस्पो आणि बऱ्याच देशांतल्या सहकाऱ्यांनी मिळून डीएनए, आकार आणि रसायनं तिन्ही एकत्र बघून पार्मेलियासारख्यांची नवी मांडणी दिली. 2013 मध्ये एव्हर्नियास्ट्रम हायपोट्रॅकायनात विलीन झाला. आणि उस्निया? डीएनएने दाखवलं की ती पार्मेलिएसीच्याच आतली आहे. दोऱ्यासारखा आकार लायकेनमध्ये वेगवेगळ्या वेळी स्वतंत्रपणे तयार झालाय, म्हणून आकारावर कुळ पाडलं की फसायला होतं. सासूबाईंनी वासावरून तिघांना एकत्र ठेवलं होतं आणि शास्त्राने उस्नियाला या घरात परत आणायला जवळजवळ दोन शतकं घेतली.

आपल्याकडचं कामही कमी नाही. लखनौच्या धरणीधर अवस्थींनी भारतातल्या मोठ्या लायकेनच्या ओळखीच्या किल्ल्या, म्हणजे एकेक खूण बघत नावापर्यंत पोचायच्या याद्या, लिहिल्या, आजही तिथूनच सुरुवात करावी लागते, आणि पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत पी. जी. पटवर्धन आणि ऊर्मिला मखिजा यांनी सह्याद्रीतल्या लायकेनवर आयुष्य घालवलं. किल्ली वापरताना फक्त त्यातलं जीनसचं नाव आज कुठे गेलंय ते तपासून घ्या, वर्णनं आणि रंगांच्या टेस्ट तशाच लागू पडतात.

नमुना ठेवायचा कसा

प्लॅस्टिकमध्ये ठेवू नका, ओल राहते आणि बुरशी येते. पूर्ण वाळवून कागदाच्या पुडीत ठेवा, वर्तमानपत्राची चालेल पण पांढऱ्या कागदाची घडी चांगली. बारीक किडे लागतात म्हणून पुडी झिपवाल्या पिशवीत घालून आठवडाभर डीप फ्रीजरमध्ये ठेवा आणि मग बाहेर काढून कोरड्या डब्यात.

पुडीवर पेन्सिलने लिहा, पेनची शाई पसरते. कुठे, कशावर, किती उंचीवर, तारीख, कुणी उचललं, वरच्या कातडीवर पोटॅश काय, मेड्युलावर पोटॅश काय, ब्लीच काय, यूव्ही काय. बाजारातलं असेल तर दुकान नाशिकचं असलं तरी ठिकाण म्हणून नाशिक लिहू नका, बाजारातून असं लिहा, नाहीतर दहा वर्षांनी कुणीतरी ते नाशिकच्या यादीत घालेल. स्पिसीज नक्की नसेल तर पार्मोट्रेमा एवढंच लिहून पुढची जागा मोकळी सोडा, अंदाजाने नाव घालू नका. माझ्या डब्यात आत्ता सव्वीस पुड्या आहेत, त्यातल्या अकरांवर पूर्ण नाव आहे, बाकीच्यांवर जीनस, आणि दोघींवर फक्त पार्मेलिएसी आणि तारीख.